कुलर चालू करण्याआधी आत कोण राहतंय ते बघा

होळी झाली की नागपुरात घरोघरी कुलर निघतात. वरचं पोतं ओढायचं, ताट्या, म्हणजे बाजूच्या गवताच्या चौकटी, बदलायच्या, टिल्लू पंप चालतो का बघायचं, मोटरला तेल द्यायचं. या सगळ्याच्या आधी एक काम करा, आत डोकावून बघा. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत हा पत्र्याचा डबा बंद, कोरडा आणि जमिनीपासून चार-पाच फूट उंच उभा असतो. मांजर आत शिरत नाही, पाऊस लागत नाही आणि ताट्यांमध्ये गवत आयतं भरलेलं. चिमणी, साळुंकी, खार यांना वस्तीत याहून बरी जागा मिळणं कठीण.

आधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, पत्र्याच्या कुलरला हात लावताना तार बोर्डातून निघालेली डोळ्यांना दिसली पाहिजे. मग तिन्ही बाजूंच्या ताट्या एकेक करून सावकाश सोडवा आणि टॉर्च मारा. ताटी आणि पत्रा यांच्यामधल्या वरच्या कोपऱ्यात गवत, पिसं, सुतळीचे धागे असा विस्कटलेला गोळा दिसला तर तो चिमणीचा. पंख्याच्या मागच्या गोल पत्र्यावर काड्या, पॉलिथिन, कागद, कधीकधी सापाची कातसुद्धा असा पसारा असेल तर साळुंकीचा. कात दिसली म्हणून साप आत आहे असं समजून धावपळ करू नका, साळुंकी ती बाहेरून उचलून आणते. मोटरवर किंवा पंपाच्या मागे काथ्या, कापूस आणि तुमच्याच ताटीतलं वुडवूल यांचा घट्ट चेंडू असेल तर खारीचा.

घरटं रिकामं असेल तर काढून टाका, त्यात काही वाईट नाही. अंडी किंवा पिल्लं असतील तर दिवस मोजा. चिमणीची अंडी 11 ते 14 दिवसांत फुटतात आणि पिल्लं पुढच्या 14 ते 17 दिवसांत उडून जातात. म्हणजे आजच अंडी घातली असली तरी महिन्याभरात खोली रिकामी. पिल्लांना पिसं आलेली असली तर आठवडाच काढायचा आहे. साळुंकीला मात्र सव्वा ते दीड महिना लागतो, तेव्हा तेवढ्या खिडकीचा कुलर यंदा उशिरा लागेल असं धरून चाला. चिमणीचं एक लक्षात ठेवा: पहिली पिल्लं उडाली की ती त्याच घरट्यात दुसरी वीण घालते. पिल्लं उडाल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरटं काढून फट बंद केली नाही तर मे महिना उजाडेल आणि तुम्ही परत दिवस मोजत बसाल.

खारीचं गणित वेगळं आहे. तिची पिल्लं घरट्यात बरेच आठवडे राहतात, तेवढं थांबणं कोणालाच जमत नाही. पण खार पिल्लांना तोंडात धरून हलवते, पक्ष्याला ते जमत नाही. म्हणून हे काम सकाळीच काढा. घरट्याचा चेंडू पिल्लांसकट उचलून बुटाच्या उघड्या खोक्यात ठेवा, खोकं कुलरच्या टपावर किंवा शेजारच्या सज्जावर सावलीत ठेवा आणि सगळ्यांनी तिथून बाजूला व्हा. आई बहुधा संध्याकाळपर्यंत एकेक पिल्लू घेऊन जाते. दुपारी चारला सुरुवात केली तर फसतं, कारण खार अंधारात फिरत नाही आणि पिल्लं रात्रभर उघड्यावर राहतात. खार राहून गेलेल्या कुलरची पंपाची तार पूर्ण लांबी हातातून ओढून तपासा. कुरतडलेल्या तारेला टेप गुंडाळून चालत नाही, ती पाण्यात असते. तार नवीनच घाला.

पाणी पसरवणाऱ्या पाइपची भोकं मातीनं बुजलेली आढळतात. तो कुंभारमाशीचा उद्योग. ती सहसा डंख मारत नाही. तारेनं माती टोकरून काढा, झालं. गांधीलमाशी मात्र ओळखून असा: तिचं पोळं उघडं, राखाडी, कागदी, देठावर टांगलेलं असतं आणि ते बहुतेक वेळा ताटीच्या आतल्या बाजूला असतं, नेमकं जिथे आपण न बघता बोटं घालतो.

ऑक्टोबरात कुलर कोरडा करून ठेवताना ताट्यांच्या मागे आणि पंख्याच्या तोंडाला अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी आतून बसवली की पुढच्या मार्चमधला हा सगळा खटाटोप वाचतो. पण मग चिमणीला दुसरी जागा द्या. जुन्या कौलारू घरात वळचण होती, स्लॅबच्या घरात भिंतीला भोक नसतं. पेटी करायची तर आतून तळ 5 बाय 5 इंच, उंची 8-9 इंच, 18 मिलिमीटरची फळी. भोक 32 मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंच, तळापासून सहा इंच वर. भोक 45 मिलिमीटर केलंत की साळुंकी शिरते आणि चिमणीला हाकलते. तळाला चार बारीक छिद्रं, छताखाली दोन्ही बाजूंना दोन-दोन छिद्रं, छप्पर पुढे दोन इंच आलेलं. भोकासमोर बसायला दांडी लावू नका; चिमणीला तिची गरज नाही, कावळ्याला होते. बाजारात मिळणाऱ्या शोभेच्या पेट्यांना दांडी हमखास असते, ती कापून टाका. पेटी आठ-दहा फूट उंचीवर, सज्जाखाली, उत्तरेला किंवा पूर्वेला तोंड करून टांगा. पश्चिमेच्या भिंतीवर टांगलेली पेटी एप्रिलनंतर पिल्लांची भट्टी होते. पत्र्याची किंवा प्लास्टिकची पेटी तर कुठल्याच भिंतीवर नको. चिमण्या शेजारशेजार राहतात, म्हणून एकापेक्षा दोन-तीन पेट्या लावलेल्या बऱ्या, आणि त्या डिसेंबर-जानेवारीत लागलेल्या हव्यात. वीस मार्चला चिमणी दिनाच्या दिवशी पेटी वाटप होतं, तोवर चिमण्यांनी आपापली जागा धरलेली असते.

पाणी

एप्रिल-मे मध्ये पारा 44-45 च्या वर गेला की अंगणात खाणं ठेवायची गरज नाही, पाणी ठेवायची आहे. धान्य, बिस्कीट, फरसाण, शिळी पोळी यांनी मुख्यतः कबुतरं आणि घुशी वाढतात. घुशी वाढल्या की त्यांच्यामागे साप येतो. पाण्याला मात्र सगळे येतात: बुलबुल, दयाळ, सातभाई, होला, तांबट, शिंपी, खार, मुंगूस.

भांडं मातीचं, पसरट, आतून खडबडीत. कुंडीखाली ठेवायची मोठी ताटली चालते, दीड फूट व्यासाची असेल तर उत्तम. पाण्याची खोली कडेला अर्धा इंच आणि मध्ये फार तर दोन इंच. भांडं खोल असेल तर मध्ये एक चपटा दगड असा ठेवा की त्याचं डोकं पाण्याबाहेर राहील. माठाचा अर्धा तुकडा किंवा स्टीलचं पातेलं ठेवणाऱ्यांची चूक दोन दिवसांत दिसते: खारीचं पिल्लू आत घसरतं आणि गुळगुळीत कडेवरून त्याला वर येता येत नाही. स्टीलचं दुसरं दुखणं म्हणजे दुपारी दोन वाजता त्यातलं पाणी पाय बुडवण्याजोगंही राहत नाही.

जागा निवडताना सकाळची सावली बघून फसू नका. दुपारी बारा ते चार जिथे सावली असते ती जागा शोधा, बहुतेक घरांत ती उत्तरेकडच्या भिंतीलगत किंवा दाट झाडाखाली असते. झुडपापासून भांडं सहा-सात फूट दूर हवं, नाहीतर मांजर झुडपात दबा धरून बसते. पण वर एखादी फांदी हवी, कारण पक्षी थेट पाण्यावर उतरत नाही. होल्याला बघा: आधी तारेवर, मग फांदीवर, मग जमिनीवर, आणि मग चालत भांड्याच्या काठाला येऊन चोच बुडवून मान वर न करता सलग ओढून पितो. बाकीचे बहुतेक पक्षी घोट घेऊन मान वर करतात. सलग पिताना होल्याला मागे कोण आहे हे दिसत नसतं, म्हणून भांड्याभोवतीची जागा मोकळी ठेवायची.

दोन भांडी ठेवा. एक जमिनीवर, एक चार-पाच फुटांवर टांगलेलं किंवा कुंपणाच्या भिंतीवर. गच्चीवर ठेवणार असाल तर पाण्याच्या टाकीच्या सावलीत. मे महिन्यात पसरट भांड्यातलं पाणी दिवसाला सेंटिमीटरभर सहज उडतं, काही खारी आणि साळुंक्या आंघोळीत सांडतात. सकाळी सातला भरलं तर दुपारी एकला पुन्हा बघावं लागतं.

आता डासांचं. पाणी नुसतं ओतून टाकलं की झालं असं समजतात, ते चूक आहे. डेंग्यूचा डास पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या ओल्या भिंतीवर अंडी चिकटवतो आणि ती कोरड्यात महिनोन् महिने टिकतात. तुम्ही पाणी ओतलंत, परत भरलंत, अंडी तिथेच. म्हणून दर दोन दिवसांनी भांडं रिकामं करून काथ्यानं किंवा घासणीनं आतली कड घासायची आणि शक्य असेल तर तासभर उन्हात वाळवायचं. साबण नको. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, कडक उन्हाळ्यात त्याहूनही कमी. दोन दिवसांची शिस्त पाळली की प्रश्न उरत नाही. घासण्याचं दुसरं कारण कबुतरं आणि होले यांच्या घशाचा रोग. आजारी पक्ष्याच्या चोचीतून तो पाण्यात उतरतो आणि भांड्यावर येणाऱ्या बाकीच्यांना लागतो. अंगणात एखादा होला पिसं फुगवून, चोच उघडी टाकून बसलेला दिसला तर आठ-दहा दिवस भांडं उचलून ठेवा, घासा, वाळवा. पाण्यात मीठ, साखर, ग्लुकोज, बर्फ काही घालू नका.

मधमाश्यांचं वेगळं बघावं लागतं. दुपारी त्या ओल्या ताट्यांवर थव्यानं बसतात आणि मग लोक फवारे आणतात. मधमाशी एकदा पाण्याची जागा ठरवली की तिथेच येत राहते, म्हणून कुलर चालू करायच्या आठवडाभर आधी तिला दुसरी जागा दाखवायची: तिरक्या ताटलीत पोत्याचा तुकडा घाला, त्याचं एक टोक पाण्यात राहू द्या. ओल्या पोत्यावर बसून माशी पाणी ओढते, बुडत नाही. ही ताटली दारापासून वीस फूट तरी लांब हवी आणि ती एक दिवसही कोरडी पडता कामा नये. कोरडी पडली की माश्या परत ताट्यांवर.

उन्हानं पडलेला पक्षी

मे अखेरीस घारी, बगळे, कबुतरं, पिंगळे धपकन खाली पडतात. पहिली चूक सगळे तीच करतात: चोच उघडून पाणी ओततात. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशी उघडं असतं. वरून ओतलेलं पाणी सरळ फुप्फुसात जातं आणि उन्हातून वाचलेला पक्षी आपल्या हातात मरतो.

बरोबर पद्धत अशी. अंगावर सुती टॉवेल टाकून उचला. घार, शिक्रा, घुबड असेल तर त्यांची चोच नव्हे, नखं सांभाळा. टॉवेलमधूनच दोन्ही पाय धरा. पुठ्ठ्याच्या खोक्याला पेन्सिलएवढी दहा-बारा छिद्रं पाडा, तळाला जुनं कापड घाला, आत पक्षी ठेवून झाकण लावा आणि खोकं घरातल्या शांत, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. कुलरच्या थेट झोतात नको. अर्ध्या तासानं आत बाटलीच्या झाकणाएवढं उथळ पाणी ठेवा किंवा चोचीचं टोक पाण्याला टेकवा, ओढायचं असेल तर तो ओढतो. खायला काही देऊ नका. संध्याकाळी ऊन उतरलं की खोकं उघडून बाहेर ठेवा. नुसता उष्म्यानं गळालेला असेल तर उडून जातो. उडाला नाही, पंख लोंबतोय किंवा रक्त दिसतंय, तर सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथे न्या. वनविभागाचा हॅलो फॉरेस्टचा टोल फ्री क्रमांक 1926.

जमिनीवर बसलेलं प्रत्येक पिल्लू मात्र पडलेलं नसतं. अंगभर पिसं, आखूड शेपूट, तुरुतुरु उड्या मारतंय, अशा बुलबुलाच्या किंवा साळुंकीच्या पिल्लाला उचलून घरी आणणं म्हणजे त्याचं अपहरण. ते उडायला शिकतंय आणि आई-बाप जवळच ओरडत असतात. मांजर असेल तर झुडपात, उंच फांदीवर ठेवा आणि बाजूला व्हा. बिनपिसांचं असेल तर घरट्यात परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते हे आजीपासून ऐकत आलोय, पण पक्ष्यांच्या बाबतीत ते खरं नाही.

पावसाळा, आणि कुलरखालची ओल

कुलरच्या टाकीचं झाकण नीट बसत नाही, नळी पाझरते, बॉल-कॉक अडकून पाणी वाहतं. मार्च ते जून घराच्या भिंतीलगत चार फूट जमीन कायम ओली राहते, आणि आजूबाजूला सगळीकडे भेगा पडलेल्या असतात. त्या ओलीवर किडे येतात, किड्यांवर भेक, पाली, चिचुंद्र्या, आणि त्यांच्यामागे साप. खिडकीखालचा साप बहुतेक वेळा असा पायरी-पायरीनं आलेला असतो. उपाय वीस-तीस रुपयांचा आहे: सांडणाऱ्या पाण्याला नळी लावून ती दारापासून दहा-बारा फुटांवरच्या एखाद्या झाडाच्या आळ्यात सोडा. लिंबाला सोडलंत तर लिंबूही बरं येतं.

जूनच्या मध्यावर पाऊस लागला की बिळांत पाणी शिरतं आणि त्याच सुमारास नागाची अंडी फुटतात. वीतभर पिल्लू फणा काढतं आणि त्याला जन्मापासून विष असतं. घोणस, आपल्याकडची परड, अंडी घालत नाही. ती पिल्लांनाच जन्म देते, एका वेळी वीस-तीस, कधी त्याहून जास्त. म्हणून जून ते ऑगस्ट या दिवसांत चप्पल झटकून घालायची, अंधारात टॉर्च घेऊन फिरायचं, आणि अंगणातल्या विटा, लाकडं, कवेलू भिंतीला टेकवून न रचता भिंतीपासून लांब, फूटभर उंच घोडीवर रचायचे.

घरात शिरायला सापाला बोटभर फट पुरते. दाराखाली रबराची पट्टी किंवा ब्रश लावा. फट उरली का ते तपासायची सोपी रीत: अंधारात आत दिवा लावा आणि दाराखालून बाहेर उजेड दिसतो का ते बघा. न्हाणीच्या मोरीला बारीक भोकांची, स्क्रूनं बसणारी जाळी हवी, नुसती ठेवलेली नको. खिडकीला टेकलेली वेल आणि फांद्या हातभर मागे छाटा. फिनाइल, कार्बोलिक ॲसिड, लसणाचं पाणी, दारात सर्पगंधा, यांपैकी कशानंही साप थांबत नाही. कार्बोलिकनं तुमच्या पोराचे हात मात्र भाजतात.

आता दोन साप जवळून बघू, कारण नागपूरच्या घरांत सगळ्यात जास्त गोंधळ यांच्यातच होतो: मण्यार आणि कवड्या. मण्यार निळसर काळा, चकचकीत, तेल लावल्यासारखा. त्यावर पांढरे पट्टे अगदी बारीक, बहुतेक जोडीजोडीनं, आणि ते डोक्याकडे पुसट किंवा नसलेलेच; मागे शेपटीकडे जाताना ठळक होतात. पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची एक रांग असते. कवड्या तपकिरी किंवा चॉकलेटी, त्याचे पट्टे पिवळसर, रुंद, मानेपाशी सगळ्यात ठळक आणि शेपटीकडे विरत जाणारे. पट्टा बाजूला उतरताना फाटून त्रिकोण झालेला दिसतो. कवड्या भिंतीवर, खिडकीच्या जाळीवर सरसर चढतो, तो पालींच्या मागे असतो. मण्यार जमिनीलगत राहतो. एका ओळीत सांगायचं तर पट्टे पुढे ठळक असतील तर कवड्या, मागे ठळक असतील तर मण्यार. पण कात टाकायच्या बेतात असलेला, किंवा मळलेला, किंवा अर्धाच दिसलेला साप या ओळीत बसत नाही. हे वर्णन फोटो बघून कळावं म्हणून आहे, हातात धरायला नाही.

मण्यार रात्रीचा साप, आणि त्याचा दंश बहुधा जमिनीवर झोपलेल्याला होतो. दंश दुखत नाही, सूज येत नाही, खूण शोधूनही सापडत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, जीभ अडखळते, गिळता येत नाही. घरचे ॲसिडिटीची गोळी देऊन सकाळची वाट बघतात, तोवर श्वासाचे स्नायू थकत जातात. पावसाळ्यात खाली झोपलेल्या माणसाला अशी लक्षणं दिसली तर साप दिसलेला नसला तरी थेट मेडिकल किंवा मेयो हे सरकारी दवाखाने गाठा, रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करा. बाज वापरा; खालीच झोपायचं असेल तर मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचून घ्या, डासांइतकीच ती मण्यारलाही अडवते.

कोणताही साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही. अंगठ्या, बांगड्या, पैंजण काढा, हात-पाय मोडल्यावर बांधतो तसा काठी लावून स्थिर करा, चालू देऊ नका, दंशाची वेळ लक्षात ठेवा. आपल्याकडचं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकत्र चालतं, त्यामुळे साप मारून दवाखान्यात न्यायची काहीच गरज नसते. त्या खटपटीत दुसऱ्यालाही दंश होतो.

घरात साप दिसला तर एकानं सहा-सात फुटांवरून त्याच्यावर नजर ठेवायची, दुसऱ्यानं मुलं आणि कुत्रा बाहेर काढून दाराच्या फटीत टॉवेल कोंबायचा आणि 1926 वर किंवा ओळखीच्या सर्पमित्राला फोन करायचा. नजर हटली की साप कपाटामागे जातो आणि मग सर्पमित्र येऊन तासभर सामान काढत बसतो. अंगणात दिसला तर बहुतेक वेळा काहीच करायचं नसतं. धामण तर राहू द्यावी: मोठा डोळा, ओठांवर काळ्या उभ्या रेघा, सहा-सात फूट लांबी, दिवसा फिरणारी, आणि घुशींवर जगणारी. फणा न काढलेला नाग घाईत धामणीसारखा दिसतो, एवढं ध्यानात ठेवून लांबूनच बघा. आणि नागपंचमीला कोणी टोपली घेऊन दारात आला तर दूध देऊ नका. साप दूध पचवत नाही. त्याला आधी तहानलेलं ठेवून आणलेलं असतं म्हणून तो ते पितो. साप पकडणं, बाळगणं, त्याचे खेळ करणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे.

पावसाळ्यातला एक निरुपद्रवी पाहुणा लोकांना उगाच घाबरवतो. बंद कुलरच्या टाकीत चार इंच पाणी राहिलं असेल तर जुलैत आतल्या पत्र्यावर पाण्याच्या वर मुठीएवढा पांढरा फेस चिकटलेला दिसतो. तो झाडबेडकाचा. अंडी फेसात असतात, पिल्लं काही दिवसांनी खाली पाण्यात पडतात. टाकी रिकामी करायची असेल, आणि डासांपायी करायलाच हवी, तर फेस उलथण्यानं अख्खा खरवडून एखाद्या रुंद टबावर आडव्या ठेवलेल्या काडीवर चिकटवा आणि टबात साठलेलं पावसाचं पाणी घाला. टबावर मच्छरदाणीचा तुकडा बांधा, पिल्लांना पाय फुटले की काढून टाका आणि टबात तिरकी काठी टेकवून ठेवा. त्या टबात गप्पी मासे सोडू नका, ते डासांच्या अळ्यांबरोबर बेडकांची पिल्लंही संपवतात.

उंदीर मारायच्या नादात

घुशी-उंदरांना विष घातलं की ते बहुधा लगेच मरत नाहीत. यांतली बरीच औषधं रक्त न गोठू देणारी असतात, उंदीर तीन-चार दिवस पेंगत फिरतो, दिवसाउजेडी उघड्यावर येतो, आणि नेमका असाच उंदीर गव्हाणी घुबड, पिंगळा, मुंगूस किंवा धामण यांना सापडतो. विष त्यांच्या अंगात साठतं. म्हणजे फुकटात उंदीर धरणारे जातात आणि दोन महिन्यांत उंदीर परत येतात, कारण त्यांची वीण जलद असते.

ग्लू पॅड त्याहून वाईट. अंगणात, गॅलरीत, कुलरखाली ते लावूच नका; त्यात पाल, चिमणी, कवड्या, दयाळाचं पिल्लू चिकटतं. चिकटलेलं जनावर ओढलं की कातडी निघते. चिकटलेल्या भागाच्या कडेनं थेंबथेंब खायचं तेल सोडा, पाच मिनिटं थांबा, कापसाच्या काडीनं हळूहळू सोडवा, आणि उरलेल्या पट्टीवर राख किंवा पीठ भुरभुरा म्हणजे ते परत चिकटणार नाही. साप असेल तर हे काम सर्पमित्राचं. उंदरांना पिंजरा लावा, शेंगदाण्याचा कूट आणि गूळ यांची गोळी करून. पिंजरा भिंतीला लागून, तोंड भिंतीच्या कडेकडेनं ठेवून. उंदीर खोलीच्या मधून फिरत नाही. पहिले दोन दिवस दार उघडं बांधून ठेवा, खाऊ द्या, तिसऱ्या दिवशी लावा.

काळतोंड्या वानरांबद्दल थोडक्यात. सेमिनरी हिल्स, गोरेवाडा, अंबाझरी या बाजूला राहणाऱ्यांना ती वेगळी सांगायला नकोत. केळं देऊ नका, एकदाही. टोळी घर लक्षात ठेवते, आणि तुम्ही गावाला गेलात की शेजाऱ्याच्या सोलर हीटरची नळी तोडते. टाकीचं झाकण तारेनं बांधा, पपई अर्धी पिवळी झाली की उतरवा, दात विचकले तर नजरेला नजर न देता मागे सरका. चावा किंवा ओरखडा झाला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस. मुंगूस आणि वटवाघूळ चावलं तरी हेच.

हिवाळ्यात काम कमी. धोबी पक्षी गच्चीवर शेपूट हलवत फिरतो, लिंबाच्या पानांवर पक्ष्याच्या शिटेसारख्या अळ्या दिसतात. त्या फुलपाखराच्या आहेत, पाच-सात असतील तर झाड सहज सोसतं. एकच काम राहू देऊ नका. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात बांबूला आकडी बांधून झाडांत, केबलवर, अँटेनावर अडकलेला मांजा उतरवा. नायलॉनचा मांजा कुजत नाही, वर्षभर पंख कापतो. उतरवलेला गुंता तसाच कचऱ्यात फेकू नका. कात्रीनं बोटभर तुकडे करा, पुडीत बांधा, मग टाका. फेब्रुवारीत शिंजीर, चिमणी आणि खार धागे गोळा करत फिरतात. लांब मांजा सापडला की तो घरट्यात विणला जातो आणि पिल्लाच्या पायाला आवळतो, म्हणून मार्चमध्ये ताटी उघडून बघाल तेव्हा नखं कापायची छोटी कात्री खिशात असू द्या.